उभे राहा, स्कॉलरशिपवाले!



जून अर्धा सरला की आमच्या मुखेडात दोनच गोष्टींची घाई असते. शेतकऱ्याला पेरणीची आणि आईबापाला वह्या-दप्तराची. आभाळ भरून येते, दुकानात दोनशे पानी वह्यांचे गठ्ठे फुटतात, आणि ज्याचा रोज बुडालेला असतो तोसुद्धा कुठून तरी पैसे काढून लेकराला नवा कंपास घेऊन देतो. शाळेत पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव असतो. फुगे, रांगोळी, गुलाबाचे फूल, मोफत पाठ्यपुस्तके. मास्तर-बाई दारात उभे राहून लेकरांचे स्वागत करतात. चांगली गोष्ट आहे. आमच्या वेळी असे काही नव्हते. पण फूल दिल्यानंतर लेकरू वर्गात जाते, आणि तिथे कुठे बसते, कोणाजवळ बसते, याकडे कोणी बघत नाही. आम्हीही आजवर बघितले नव्हते.

आमची धाकटी यंदा पाचवीला गेली. चौथीपर्यंत ती वस्तीजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. तिथे सगळी ओळखीची. आता हायस्कुलात आली. वर्ग मोठा, साठाच्या आसपास लेकरे, खेड्यापाड्यातून, तांड्यावरून आलेली. पहिले दोन दिवस आनंदात गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दप्तर कोपऱ्यात टाकले आणि आजीच्या मांडीवर डोके ठेवून म्हणाली, "मी उद्यापासून जात न्हाई."

आजीने विचारले, "कामून गं माय? मास्तरनं मारलं का?"

"न्हाई."

"मग पोरींनी काही म्हनलं?"

बराच वेळ बोलेना. मग कळले ते असे. दुसऱ्या तासाला शिपाई नोटीस घेऊन वर्गात आला. सरांनी ती मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "चला, स्कॉलरशिपवाले उभे राहा." कोणालाच नीट कळले नाही. तेव्हा सरांनी खुलासा केला, "एस.सी., एस.टी., व्ही.जे.एन.टी. कोण कोण आहेत ते." काही लेकरे उठली, काही शेजाऱ्याकडे बघत अर्धवट उठली. आमची लेक उठली. नावे लिहून झाली, सगळे खाली बसले, तास पुढे सुरू झाला. दोन मिनिटांचे काम. पण मधल्या सुट्टीनंतर तिच्या बाकावरची मुलगी आपले दप्तर उचलून पुढच्या बाकावर गेली. जाताना एवढेच म्हणाली, "तू स्कॉलरशिपवाली हैस ना?"

त्या मुलीच्या तोंडी जातीचे नाव नव्हते. आजकाल नसते. तिला त्या शब्दाचा अर्थ कळतो की नाही तेही आम्हाला ठाऊक नाही. दहा वर्षांचे लेकरू ते. पण कोण उभे राहिले आणि कोण बसून राहिले, एवढे तिला दिसले होते, आणि वर्ग ओळखीचा होण्याआधी तो दोन भागांत फुटला होता.

आम्ही चिडलो. कार्यकर्त्याला चिडायला वेळ लागत नाही. रात्रीच दोन मित्रांना फोन केले, सकाळी निवेदन द्यायचे ठरले, निवेदनाचा मसुदाही डोक्यात तयार झाला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९, अंमल १ एप्रिल २०१० पासून. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या बालकाशी भेदभाव होणार नाही हे बघण्याची जबाबदारी त्यात शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई आहे. हे सगळे आम्हाला तोंडपाठ.

सकाळी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांकडे जाण्याआधी वर्गशिक्षिका भेटल्या. नोटीस ज्या सरांच्या तासाला आली ते दुसरे. या बाई तरुण, आपल्या समाजाच्या नाहीत, नोकरीला लागून चार-पाच वर्षे झालेली. आम्ही आवाज चढवून बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि टेबलाच्या खणातून ती नोटीस काढून पुढे ठेवली. "सर, दर वर्षी अशीच येते. तुम्हीही शाळेत क्लार्कच आहात ना? तुमच्याकडे कशी काढतात?"

वाचकहो, तिथे आमची वाचा बसली. कारण ती भाषा आमच्या ओळखीची होती. 'खालील प्रवर्गातील विद्यार्थ्यांची नावे वर्गशिक्षकांनी वर्गात विचारून दोन दिवसांत कार्यालयात सादर करावीत.' आमच्या शाळेत हीच नोटीस दर जूनमध्ये निघते. आमच्या हस्ताक्षरात निघायची, आता संगणकावर निघते. अठरा वर्षांच्या नोकरीत ती आम्ही किती वेळा काढली असेल याचा हिशेब बी.कॉम. झालेल्या माणसाला सहज करता यावा. किती वर्गांतली किती लेकरे आमच्या त्या दोन ओळींमुळे उभी राहिली असतील, हा हिशेब मात्र करवला नाही. आम्हाला वाटत होते, आपण समाजाचे काम करतो. एकाही मुलाची शिष्यवृत्ती बुडू देत नाही, याचा अभिमान होता. नाही म्हटले तरी तो अजून आहे.

आणि खरी गंमत पुढे आहे. ही माहिती वर्गात विचारण्याची गरजच नसते. लेकरू दाखल होते त्याच दिवशी दाखल-खारीज रजिस्टरात जातीचा रकाना भरला जातो. तो आम्हीच भरतो. रजिस्टर कार्यालयातल्या कपाटात, कपाटाची किल्ली आमच्या खिशात. तरी वर्गात विचारायचे, कारण साठ नावे रजिस्टरातून शोधून उतरवण्यापेक्षा साठ लेकरांना उभे करणे सोपे. शिपायाच्या हाती चिठ्ठी दिली की काम झाले. खोड कोणाच्या द्वेषातून आलेली नाही, आळसातून आलेली आहे. म्हणून तर ती इतकी वर्षे टिकली.

आमच्या लहानपणी उभे करावे लागत नव्हते. आम्ही पाचवीला होतो ते साल १९९०. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. वस्तीत रोज कार्यक्रम, निळे झेंडे, भाषणे. आणि शाळेत आम्ही वस्तीची सात-आठ पोरे दाराजवळच्या शेवटच्या बसकरपट्टीवर. तिथे बसा असे कोणी सांगितले नव्हते. पहिल्या दिवशी आपणहून जाऊन बसलो आणि दहावीपर्यंत उठलो नाही. थोरला भाऊ तिथेच बसला होता म्हणून आम्ही बसलो. आठवीत असताना, १४ जानेवारी १९९४ ला, विद्यापीठाचा नामविस्तार झाला. पुढचे कित्येक दिवस वर्गात दोन बाजू एकमेकींशी बोलल्या नाहीत. आता वाटते, त्या पोरांशी आमची पाचवीत ओळख झाली असती, कोणाचे बैल कसे, कोणाच्या घरी म्हैस कधी व्याली एवढे जरी ठाऊक असते, तर आठवीत निदान बोलणे तरी तुटले नसते. तीन वर्षे एका छपराखाली काढूनही पुढच्या पट्टीवरच्या कितीतरी पोरांची नावेसुद्धा आम्हाला धड ठाऊक नव्हती.

साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव ७ नोव्हेंबर १९०० ला दाखल झाले. हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या शाळेत बाबासाहेब घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसत, आणि शिपाई हजर नसला तर पाण्यावाचून राहत, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ते आपल्या घराघरांत ठाऊक आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातला प्रसंग धनंजय कीरांनी चरित्रात दिला आहे, तो आम्हाला या दिवसांत फार आठवला. मास्तरांनी गणित सोडवायला भीमरावांना फळ्याकडे बोलावले, तशी वर्गातली मुले धावली आणि फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे त्यांनी बाजूला फेकले. मास्तरांनी काही वाईट केले नव्हते. हुशार मुलाला फळ्याकडे बोलावले, एवढेच. पण वर्ग तयार नव्हता. तो तयार करणे हेही मास्तरचे काम असते, असे त्या काळी कोणाला सुचले नसावे.

ज्यांना सुचले त्यांनी काय केले तेही बघा. छत्रपती शाहू महाराजांनी १९१९ साली आपल्या संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि त्या मुलांना सरकारी शाळांत सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूम काढला. हुकूम झाला, पण हुकमाने शेजारी बसवता येते, शेजारी करता येत नाही. ते काम कर्मवीर भाऊराव पाटलांनी केले. ज्या साताऱ्यात भिवा गोणपाटावर बसला, त्याच साताऱ्यात १९२४ साली त्यांनी वसतिगृह काढले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळ्या जातिधर्मांची मुले एका छपराखाली, एका चुलीवर शिजलेले, एका पंगतीत जेवणारी. स्वयंपाक, झाडलोट, पाणी ही कामे मुलांनीच करायची. एकमेकांचे बोट धरून भाकरी थापायला शिकले की मग जात विचारायला सवड राहत नाही.

असो. पुन्हा आमच्या लेकीच्या वर्गाकडे.

त्या बाईंनी आम्हाला एक गोष्ट विचारली. "निवेदन द्या, माझी ना नाही. पण पंधरा दिवस मला द्याल का?" आम्ही दिले. निवेदनाचा कागद खिशातच राहिला.

बाईंनी पहिल्यांदा बाकांच्या चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकाचे नाव चिठ्ठीवर, चिठ्ठ्या पत्र्याच्या डब्यात, आणि दर सोमवारी सकाळी चिठ्ठी निघेल तसे बसायचे. आठवडाभर तोच शेजारी. शनिवारी प्रत्येकाने उभे राहून आपल्या शेजाऱ्याविषयी तीन गोष्टी सांगायच्या. त्याचे नाव, त्याच्या घरी कोण कोण आहे, आणि त्याला काय चांगले येते. स्वतःविषयी नाही, शेजाऱ्याविषयी. आईबाप काय करतात हे विचारायचे नाही, असे बाईंनी मुद्दाम सांगितले. तो प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारला की वर्ग पुन्हा दोन भागांत बसतो, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला ते पटले. आमच्या पाचवीत मास्तरांनी हाच प्रश्न विचारला होता आणि आमच्या वडिलांचे काम सांगताना आमचा आवाज बसला होता.

दुसरे, खिचडीची पंगत. शाळेत शिजवलेले अन्न द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २८ नोव्हेंबर २००१ चा. स्वयंपाकी नेमताना अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना प्राधान्य द्या, असे न्यायालयाने २० एप्रिल २००४ ला सांगितले. आदेश उत्तम आहेत. पण पंगत बसते ती गावावरून, वस्तीवरून, ओळखीवरून. तांड्याची लेकरे एका कडेला, आपली एका कडेला. बाईंनी काही भाषण केले नाही. बाकावरची जोडी पंगतीतही शेजारी बसेल एवढे सांगितले, आणि स्वतःचा डबा घेऊन दर दिवशी वेगवेगळ्या ठिकाणी लेकरांत बसल्या. तीन-चार दिवस कुरकूर झाली. मग पोरांचे लक्ष खिचडीत गेले.

तिसरी गोष्ट त्यांनी केली ती आम्ही पहिल्यांदा ऐकली. अमेरिकेत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या असू नयेत असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली निकाल दिला, पण कित्येक ठिकाणी मुले प्रत्यक्ष एकत्र यायला पुढची पंधरा-वीस वर्षे लागली. टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात १९७१ साली ती एकत्र आली तेव्हा वर्गात मारामाऱ्या सुरू झाल्या. तिथे एलियट अ‍ॅरन्सन नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाला बोलावले. त्याने बघितले की वर्गात प्रत्येक मूल हात वर करून दुसऱ्याला हरवायला बघते. त्याने धड्याचे पाच-सहा तुकडे केले आणि पाच-सहा मुलांचा गट करून प्रत्येकाला एकेक तुकडा दिला. मेक्सिकन मुलगा अडखळत बोलतो म्हणून त्याला हसाल, तर त्याच्याजवळचा तुकडा तुम्हाला मिळणार नाही, आणि परीक्षा तर सगळ्या धड्यावर आहे. काही आठवड्यांत मुले एकमेकांना ऐकायला शिकली, आणि मागे पडलेल्यांचे गुणही वाढले. आमच्या शेजारी लातूर पॅटर्नचे एवढे नाव आहे. बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची तेव्हा ते त्या यादीचे गाव होते. पण गुण वाढवण्याचा असाही एक रस्ता असतो, हे कोणी आम्हाला सांगितले नव्हते.

बाईंनी परिसर अभ्यासाचा एक धडा असाच पाच तुकड्यांत वाटला. आणि इथे, वाचकहो, आमच्या घरातली गोष्ट उघडी पडली.

दुसऱ्या सोमवारी लेकीच्या बाकावर तांड्यावरची एक मुलगी आली. घरात गोरमाटी बोलणारी. मराठी समजते, पण वाचताना अडते. गटातही तीच. त्या दिवशी आमची लेक घरी येऊन हसत हसत तिची नक्कल करू लागली. शब्द कसा तोडते, 'ळ' कसा म्हणते. आम्ही हसलो. होय, आम्हीही हसलो. निवेदनाचा कागद अजून त्याच सदऱ्याच्या खिशात होता.

आमच्या मंडळी भाकरी करत होत्या. त्यांनी चुलीवरून वळून न बघता विचारले, "आनि तुझ्या बाकावरची पोरगी दप्तर घेऊन उठली, तवा तिच्या घरीबी असंच हासले असतील का गं?"

घर गप्प झाले. लेक उठून बाहेर गेली. आम्ही पेपर उघडून बसलो, पण वाचले काही नाही. आमची अडचण अशी की भाषण करण्याची सवय आम्हाला, आणि बरोबर वेळेला बरोबर शब्द सुचतो तो त्यांना, ज्या कधी स्टेजवर चढल्या नाहीत.

आपल्या वस्तीविषयी थोडे स्पष्ट लिहितो. राग मानू नये. आपल्या लेकराला कोणी दूर लोटले की आपण जागे होतो, व्हायलाच हवे. पण आपले लेकरू मातंग समाजाच्या लेकराला काय म्हणते, तांड्यावरच्या लेकराला काय म्हणते, पालावरच्या लेकराला काय म्हणते, हे आपण ऐकतो का? संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता वरवरच्या रंगाच्या हातासारखी राहतील. आपण हे वाक्य दुसऱ्यांना ऐकवतो. आमच्या घरी त्या रात्री ते आम्हाला ऐकावे लागले, तेही चुलीपाशी.

लेकीने दुसऱ्या दिवशी काय केले ते तिने सांगितले नाही. शनिवारी बाईंकडून कळले. शेजारणीविषयी तीन गोष्टी सांगताना ती म्हणाली, "तिला तीन भाषा येतात. गोरमाटी, मराठी आनि कानडी. मला एकच येते." आपला भाग कर्नाटकाला लागून आणि तेलंगणही जवळ, त्यामुळे तोडणीला आईबापाबरोबर फिरलेल्या लेकराला तीन भाषा येणे नवल नाही. नवल हे की ती गोष्ट वर्गाने पहिल्यांदा कौतुकाने ऐकली.

आमच्याही शाळेत यंदा बदल केला. नोटीस काढली नाही. दोन संध्याकाळी थांबून रजिस्टरातून याद्या उतरवल्या, वर्गवार पाकिटे केली आणि वर्गशिक्षकांच्या हाती दिली. अर्ज पालकांनी कार्यालयात येऊन घ्यायचे. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नावांची यादी टाकायची नाही, हेही सांगावे लागले. एका वर्गशिक्षकाने सवयीप्रमाणे टाकलीच होती, ती काढायला लावली. एक सहकारी म्हणाले, "एवढा खटाटोप कशाला? लेकरांना काय कळतं?" आम्ही वाद घातला नाही. पुढच्या जूनपर्यंत हा माणूस विसरू नये म्हणून कपाटाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून ठेवला आहे.

आता एक काळजी उरली आहे. मुखेड, कंधारचा हा डोंगराळ पट्टा ऊसतोडीचा. मुकादमाची उचल घेतली की दसरा-दिवाळीनंतर घरेच्या घरे कोयते बांधून निघतात आणि लेकरेही ट्रकमध्ये बसतात. लेकीच्या शेजारणीचे आईबाप दर वर्षी जातात. गेल्या वर्षी ती त्यांच्याबरोबर गेली होती. मागे राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय समग्र शिक्षा योजनेत आहे. पण त्यासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या लेकरांची यादी आधी करावी लागते, आणि यादी करणारा कोणी नसला तर सोय कागदावरच राहते. गेली काही वर्षे ती यादी दिवाळीच्या तोंडावर घाईने होते. तोवर ट्रक भरलेले असतात.

यंदा ती आत्ताच करायची असे बाईंनी आणि आम्ही ठरवले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या जागा महिलांच्या, आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यायचे असते. हा कायदा आहे, मेहेरबानी नाही. पण बैठकीला आपली माणसे येत नाहीत. रोज बुडतो, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून येत्या शनिवारची बैठक दुपारऐवजी संध्याकाळी घ्यावी अशी विनंती केली होती, ती मान्य झाली आहे. घरातल्या एकाने तरी यावे. बायांनी अवश्य यावे. तांड्यावर निरोप द्यायला आम्ही रविवारी जाणार आहोत, सोबत कोणी येणार असेल तर बरे.

शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी लेकराचा जातीचा दाखला, आधार कार्ड आणि आधारला जोडलेले बँकेचे खाते लागते. खाते जोडलेले नसेल तर पैसे येत नाहीत, मग हेलपाटे होतात. ज्यांचा कागद अडला असेल त्यांनी संध्याकाळी सातनंतर विहारात यावे. आम्ही तिथे बसतो. लेकराला सोबत आणायची गरज नाही, त्याला अभ्यास करू द्या.